जुना फ्लॅट विकायला काढताय? आधी हे बघून घ्या

पुण्यात रीसेलचा फ्लॅट बघायला कुटुंबंच्या कुटुंबं येतात, आणि दार उघडताच आधी नाक कामाला लागतं. घर काही आठवडे बंद असलं की बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं, पाणी वाळतं आणि ड्रेनेजचा वास थेट घरात येतो. आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये पाणी ओता, कमोड फ्लश करा, खिडक्या उघडा. रूम फ्रेशनर मारू नका. त्याने संशय वाढतो.

सौदे सगळ्यात जास्त अडतात ते ओलीवर. ओल्या भिंतीवर रंग दिला की तो फुगतो, पोपडे सुटतात. म्हणून आधी पाणी येतंय कुठून ते शोधा: वरच्या मजल्याचं बाथरूम, डक्टमधला पाइप, गच्ची, की बाहेरच्या भिंतीची भेग? डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. काही दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे. भर उन्हाळ्यातही तो पसरत असेल तर बहुधा दोष पाइपचा. गळती बंद झाल्यावर गिलावा पूर्ण वाळू द्या, मगच पुट्टी आणि रंग. आणि केलेली दुरुस्ती घेणाऱ्याला सांगा, बिल दाखवा. घेणारा आयुष्यभराची पुंजी ओततो. त्याला पहिल्याच पावसात ओल दिसावी हे एजंट म्हणून आम्हाला पटत नाही. ओल झाकलेला फ्लॅट आम्ही दाखवत नाही.

बाकी घराला फिका रंग, चालू बटणं, न गळणारे नळ आणि रिकामा माळा पुरतो. नवं मॉड्युलर किचन मात्र बसवू नका. घेणारे ते बहुधा आपल्या आवडीचं करून घेतात, तुमचा खर्च किमतीत भरून निघत नाही.

कागद रंगाच्याही आधी काढा. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. गृहकर्ज फिटलं असेल तर बँकेकडून मूळ कागद आणि कर्ज फिटल्याचं पत्र घेतलंय ना, तेही बघा. फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर फक्त नॉमिनीच्या सहीवर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांची संमती लागते. बहीण परदेशात असेल तर तिचं मुखत्यारपत्र करून यायलाच बराच वेळ जातो. ग्राहक मिळाल्यावर ही धावपळ सुरू केली तर तो थांबत नाही.

पितृपक्षात सहसा कोणी घराचं ठरवत नाही. भिंती कोरड्या असतील तर आतला रंग त्या पंधरवड्यात उरका, म्हणजे घटस्थापनेपासून घर दाखवता येईल. त्याआधी आम्हाला एकदा बोलवा. आमचा माणूस भिंती, जाळ्या आणि कागद बघून काय करायचं, काय सोडायचं ते सांगेल. या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही.