यूसी बर्कलीची लेखनाची अट: परीक्षा कोणाला द्यावी लागते, कागदपत्रे कोणती, दोन तासांत काय लिहायचे

कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीत (बर्कली हा त्याचाच एक कॅम्पस), पदवीसाठी प्रवेश मिळाला की ‘एंट्री लेव्हल रायटिंग रिक्वायरमेंट’ ही अट पुढ्यात येते: विद्यापीठाच्या दर्जाचे इंग्रजी लिहिता येते हे दाखवायचे, आधीच्या गुणांनी, लेखन परीक्षेने किंवा कोर्सने. ‘आयईएलटीएस झालीय ना, मग आता हे काय?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजी येते का हे पाहणाऱ्या परीक्षा. त्यांचे अनुक्रमे ६.५ किंवा ८० गुण प्रवेशापुरते असतात, या अटीसाठी ते धरत नाहीत. सीबीएसई, आयसीएसई किंवा आपल्या बारावी बोर्डातले इंग्रजीचे गुणही धरत नाहीत, मग ते ९५ का असेनात.

आधी पाहा, परीक्षेची गरज आहे का

पुढीलपैकी एक जरी हातात असेल तरी अट पूर्ण होते: एपी (शाळेत असतानाच द्यायची कॉलेज-पातळीची परीक्षा) इंग्लिशच्या लँग्वेज किंवा लिटरेचर परीक्षेत ३ किंवा जास्त, आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या इंग्लिश ए लिटरेचरमध्ये हायर लेव्हलला ५, स्टँडर्ड लेव्हलला ६, अमेरिकेतल्या प्रवेश परीक्षांपैकी एसएटीच्या रीडिंग-रायटिंग विभागात ६८०, एसीटीच्या इंग्लिश लँग्वेज आर्ट्समध्ये ३०. प्रवेश ठरवताना यूसी आता एसएटी-एसीटी बघत नाही, म्हणून बरेच जण ते गुण पाठवतच नाहीत आणि नाहक परीक्षेला बसतात. कम्युनिटी कॉलेजमधून (अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून) बदली घेऊन येणाऱ्यांचे इंग्रजी कॉम्पोझिशनचे कोर्स आधीच झालेले असतात, त्यामुळे त्यांना सहसा हा प्रश्न येत नाही.

कागदपत्रे

गुण परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडूनच थेट विद्यापीठाकडे जायला हवेत. स्क्रीनशॉट किंवा शाळेचे पत्र चालत नाही. एपी आणि एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे बर्कलीचा कोड ४८३३ आहे. अंतिम गुणपत्रिकेसाठी १ जुलै आणि एपी-आयबीच्या गुणांसाठी १५ जुलै ही यूसीची नेहमीची मुदत.

गोंधळ होतो तो नावात. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव, कॉलेज बोर्डाच्या खात्यात फक्त नाव-आडनाव. मग गुण पोहोचूनही विद्यार्थ्याच्या खात्याशी जुळत नाहीत. पासपोर्ट, कॉलेज बोर्ड आणि विद्यापीठ, तिन्हीकडे नाव पासपोर्टप्रमाणेच ठेवा. जन्मतारखेत महिना आधी लिहायचा असतो, हेही विसरू नका. ५ ऑगस्टचा ८ मे सहज होतो.

परीक्षा

पूर्वी यूसीच्या सगळ्या कॅम्पसना मिळून एकच ‘अॅनालिटिकल रायटिंग प्लेसमेंट’ परीक्षा होती. ती बंद झाली आणि आता प्रत्येक कॅम्पसची पद्धत वेगळी आहे. बर्कलीत ‘बर्कली रायटिंग असेसमेंट’ असते: दोन तास, ऑनलाइन, ७०० ते १००० शब्दांचा एक उतारा आणि त्यावर एक निबंध. नोंदणी कॉलेज रायटिंग प्रोग्रॅम्स या बर्कलीच्या लेखन विभागाकडे होते. वेळ कॅलिफोर्नियाची असते. उन्हाळ्यात आपण साडेबारा तास पुढे, म्हणजे तिथले सकाळचे ९ हे पुण्यात रात्रीचे साडेनऊ. घरच्या इंटरनेटचा भरवसा नसेल तर पर्यायी सोय आधीच करून ठेवा.

जुन्या परीक्षेत दोन परीक्षक प्रत्येकी १ ते ६ गुण देत आणि बेरीज ८ झाली की पास. दोघांत एकापेक्षा जास्त गुणांचे अंतर पडले तर तिसरा वाचे. गुण अख्ख्या निबंधाला असत, चुका मोजून कापले जात नसत. सरावाला जुनेच प्रश्न उत्तम. त्यांचा साचा ठरलेला: लेखकाचे म्हणणे काय, तुम्हाला ते कितपत पटते, आणि स्वतःच्या अनुभवातली, निरीक्षणातली किंवा वाचनातली ठोस उदाहरणे.

आपली मुले अडतात ती इंग्रजीत नाही, शाळेतल्या निबंधाच्या सवयीत. समजा, मोटारींमुळे शेजारपण संपले असे उताऱ्यात म्हटले आहे. ‘प्राचीन काळापासून मानव प्रवास करत आला आहे’ अशी सुरुवात, दोन सुविचार, मोटारीचे फायदे-तोटे आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’. यात लेखक कुठेच नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘लेखिका शेजारपण तुटल्याचा दोष मोटारींना देते. आमच्या सोसायटीत मात्र लोक एकत्र येतात ते पार्किंगच्या भांडणातूनच, म्हणून तिचे कारण मला अपुरे वाटते.’ दोन वाक्यांत लेखिकेचे म्हणणे, तुमचे मत आणि उदाहरण तिन्ही आले.

वेळ अशी वाटा: २५ मिनिटे वाचन आणि खुणा, १५ मिनिटे आराखडा, ७० मिनिटे लेखन, १० मिनिटे तपासणी. वाचनात काटकसर करणारा बहुधा प्रश्नाचा पहिला भाग निसटवतो. उताऱ्यातली वाक्ये जशीच्या तशी उतरवून पाने भरू नका. परीक्षक तोच उतारा दिवसभर वाचत असतो.

पास नाही झाले तर

प्रवेश जात नाही. कॉलेज रायटिंग आर१ए हा ६ युनिटचा (युनिट म्हणजे कोर्सचे श्रेयांक) कोर्स घ्यायचा, त्यात किमान सी ग्रेड हवी. सी मायनस चालत नाही. याच कोर्सने ‘रीडिंग अँड कॉम्पोझिशन’ या बर्कलीच्या दुसऱ्या, दोन भागांच्या लेखन-अटीचा पहिला भागही होतो, जो परीक्षा पास होऊन सुटत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्राला १२ युनिट लागतात, त्यातले अर्धे इथेच भरतात. म्हणून लिहिण्याचा आत्मविश्वास नसेल तर परीक्षेमागे न लागता सरळ हा कोर्स घेणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. फक्त तो पहिल्याच सत्रात घ्या. अट पहिल्या वर्षात पूर्ण करायची असते, आणि मग पहिल्या सत्रात ग्रेड घसरली तरी दुसरे सत्र हाताशी उरते.