पाणथळ पक्षिनिरीक्षण (राधानगरी परिसर)

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्यात व त्याच्या कडेने, धरणांच्या फुगवट्यालगतच्या दलदलीत केले जाणारे पक्षिनिरीक्षण. अभयारण्याचे स्थापना-वर्ष संदर्भग्रंथांत 1958 आणि 1985 असे दोन प्रकारे आढळते. पहिले वर्ष दाजीपूरच्या गवा अभयारण्याचे, तर दुसरे विस्तारित राधानगरी अभयारण्याचे (351.16 चौ. किमी.) समजणे सयुक्तिक ठरते. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला.

येथील दलदल पाणथळ ठरते की नाही, हा प्रश्न व्याख्येवर अवलंबून आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय रामसर करार (1971) मानवनिर्मित जलाशयांनाही पाणथळ मानतो. भारतातील 2017 च्या पाणथळ नियमांत मात्र सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले भोगावतीवरील राधानगरी धरण आणि दूधगंगेवरील काळम्मावाडी धरण यांचे फुगवटे त्यामुळे नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. पक्ष्यांच्या वापराकडे पाहता रामसरची व्याख्याच येथे अधिक लागू पडते.

पाऊस सरल्यावर सिंचनासाठी पाणी सोडले जाते, पातळी उतरते व गाळाचा पट्टा उघडा पडतो. कोरड्या गाळावर टिटवी, ओल्या चिखलावर चिखल्या, तुतवार व धोबी, वीतभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे हळदी-कुंकू बदके व पाणकावळे अशी विभागणी दिसते. पातळी झपाट्याने उतरली तर गाळ वाळून तडकतो, त्यात चोच शिरत नाही आणि चिखलातले पक्षी दुसरीकडे जातात. गाळपेर (उघड्या गाळात केलेली पेरणी) झालेल्या भागातही ते फारसे टिकत नाहीत.

ओळखीत सर्वाधिक चुका पाणलाव्यांच्या (चिखलात चोच खुपसणारे लांब चोचीचे पक्षी) होतात. सामान्य पाणलाव्याच्या पंखाची मागची कडा उडताना स्पष्ट पांढरी दिसते. तो कर्कश ओरडत नागमोडी निसटतो. सुईसारखी शेपटीपिसे असलेल्या जातीत ही पांढरी कडा नसते व वळणे कमी असतात. तिच्या शेपटीत साधारण 24 ते 28 पिसे असून कडेची अगदी अरुंद असतात. सामान्य पाणलाव्यात बहुधा 14 असतात. पण ही पिसे पक्षी शेपटी पसरून पिसे साफ करतो तेव्हाच दिसतात. सुईशेपटीची जात तुलनेने कोरड्या जागी बसते, म्हणून काही निरीक्षक जागेवरून जात ठरवतात. दोन्ही जाती एकाच बांधावर उतरत असल्याने हा निकष पुरेसा नाही. कडा किंवा पिसे न दिसल्यास ‘पाणलावा’ एवढीच नोंद ग्राह्य धरावी.

8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिमी. व्यासाच्या भिंगाची) दुर्बीण पहाटेच्या मंद उजेडात 10×42 पेक्षा सरस ठरते, कारण तिच्यातून डोळ्यापर्यंत 5.25 मिमी. व्यासाचा प्रकाशझोत येतो. दुसरीत तो 4.2 मिमी. असतो. सकाळी पूर्वेच्या काठावर थांबावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरते व लांबचे लहान पक्षी ओळखता येत नाहीत. पहाटे गवे पाण्यावर येतात. त्यांची वाट अडवू नये. उघड्या गाळावर वरची साय वाळलेली असली तरी खाली पाय रुततो, म्हणून गवताच्या कडेनेच चालावे.

आशियाई पाणपक्षी गणना भारतात 1987 पासून जानेवारीत होते. मोठा थवा मोजताना दहा पक्ष्यांचा गट नजरेने ठरवून तो पुढे सरकवतात. थवा उठून पुन्हा बसल्यास दुबार मोजणी होते, तर गवतात दबून बसणारे पाणलावे हमखास कमी मोजले जातात. आकड्यासोबत त्या दिवशीची पाणीपातळी लिहिणे अत्यावश्यक आहे. ती नसेल तर पाणी जास्त असल्याने न उतरलेले पक्षी घटले, असा चुकीचा अर्थ निघतो.