तरंगलांबीचे समीकरण : पुनरावृत्तीने उकल

किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेचा आवर्तकाल आणि पाण्याची खोली यांवरून तिची लांबी काढण्याची संख्यात्मक रीत. कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा किंवा जेटी आखताना हे गणित करावेच लागते.

समीकरण असे : ल = ल० × टॅनएच (२ × पाय × ख ÷ ल). ल ही काढायची लांबी, ल० ही आवर्तकालावरून निघणारी खोल समुद्रातली लांबी, ख ही खोली; टॅनएच म्हणजे हायपरबोलिक टॅन्जंट हे फलन. जी ल काढायची तीच उजवीकडे फलनाच्या पोटात बसलेली. बीजगणिताने ती सुटी होत नाही. म्हणून अंदाज धरायचा, आलेले उत्तर पुन्हा आत घालायचे.

पावसाळी वाऱ्याची १० सेकंदांची लाट ८ मीटर खोलीवर आली असे धरू. ल० येते १५६ मीटर. तोच पहिला अंदाज घेतला तर पुढे ४९, १२१, ६१, १०५ असे पाळण्यासारखे हेलकावे बसतात. ते शमतात, पण सावकाश. आणि खोली जितकी कमी तितके जास्त सावकाश. म्हणजे बंधारा जिथे घालायचा नेमकी तिथेच रीत रेंगाळते! उपाय अगदी घरगुती आहे : जुना अंदाज आणि नवे उत्तर यांची सरासरी घ्यावी. मग १०२, ८७, ८४ असे उतरत ८३.८ मीटर हाती लागते.

याहून वेगवान न्यूटन–रॅफसन रीत : ती समीकरणाच्या दोन बाजूंतल्या फरकाचा आलेख घेऊन त्याच्या स्पर्शिकेच्या आधाराने चालते. उथळ पाण्याच्या सूत्राने ८८.६ घेऊन निघाले तर दोन पायऱ्यांत काम संपते. (न्यूटन १६६९, रॅफसन १६९०, आजचे कलनातले रूप मात्र सिम्पसन यांचे, १७४०.) भरती-ओहोटीने ख बदलते आणि गणित पुन्हा पुन्हा करावे लागते, तेव्हा हा वेग उपयोगी पडतो.

खरी कसोटी खाडीच्या मुखाशी लागते. ओहोटीचा ओढ लाटेच्या तोंडावर आला की समीकरणात प्रवाहाचा वेगही शिरतो. मग समीकरणाची मुळे (म्हणजे उत्तरे) दोन असू शकतात, किंवा एकही नसते. दोन्ही मुळे जवळ आली की स्पर्शिका आडवी होत जाते आणि न्यूटनची पायरी भलतीकडे फेकली जाते. अशा वेळी आधी निरनिराळ्या लांब्यांचे कोष्टक मांडून दोन बाजूंतल्या फरकाचे चिन्ह (अधिक-उणे) कुठे पालटते ते पाहतात आणि तेवढा टप्पा निम्मा-निम्मा करत नेतात. हे द्विभाजन संथ, पण मुळाला निसटू देत नाही. बारीक कोष्टकातही चिन्ह पालटले नाही, तर गणित चुकलेले नसते. त्या ओढाविरुद्ध ती आखूड लाट खाडीत शिरतच नाही.