साथरोग सर्वेक्षण व नियंत्रण, पुणे

पुणे शहर व परिसरात संसर्गजन्य रोगांचे रुग्ण शोधणे, त्यांची नोंद ठेवणे, संसर्गाचा उगम हुडकणे आणि प्रसार रोखणे, या स्थानिक आरोग्य यंत्रणेच्या कामाला ही संज्ञा लावतात. शहरात ही जबाबदारी पुणे महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पुणे व खडकी ही कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषद आपापल्या हद्दीत हेच काम करतात. रुग्ण राहायला एका हद्दीत, कामाला दुसऱ्या आणि दाखल तिसऱ्या, असे पुण्यात नेहमी घडते. प्रतिबंधाचे काम मात्र राहत्या पत्त्यापासून सुरू होते, म्हणून रुग्णाचा अचूक पत्ता ही या कामातली पहिली गरज असते.

इतिहास : या व्यवस्थेचा प्रारंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. स्थानिक इतिहासलेखनात १८९७ ची प्लेग समिती हाच आरंभ मानण्याचा प्रघात आहे. दुसरा पक्ष देवीचे लसीकरण आणि नगरपालिकेच्या मृत्यूनोंदी यांना आरंभाचा मान देतो. प्लेगने मृत्युसंख्या नेहमीपेक्षा किती चढली हे १८९७ मध्ये सांगता येत होते, याचा अर्थ तुलनेसाठी आधीच्या नोंदी हाताशी होत्या. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्लेग समितीने नोंदीच्या जुन्या कामाला सक्तीची जोड दिली, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाईल.

मुंबईत प्लेगचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये झाले. मुंबईहून पुण्यात आलेल्या प्रवाशांमध्ये ऑक्टोबर १८९६ च्या सुमारास रुग्ण आढळले. शहरातच लागण झालेले रुग्ण सामान्यतः डिसेंबर १८९६ पासूनचे समजतात. बाहेरून आलेला रुग्ण आणि येथेच बाधित झालेला रुग्ण हा भेद आजही प्रत्येक साथीच्या तपासात सर्वांत आधी पाहिला जातो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली पुण्यासाठी विशेष प्लेग समिती नेमली गेली. १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात लष्करी तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. संशयितांना रुग्णालयात व त्यांच्या सहवासातील लोकांना विलगीकरण छावण्यांत हलवले, घरे धुऊन चुना फासला, सामान जाळले. माजघरात आणि देवघरात शिरलेले सैनिक, स्त्रियांची उघड्यावर तपासणी यांनी शहर दुखावले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ३ जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च रोजी देह ठेवला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांचा प्लेगचा दवाखाना हडपसरजवळ होता. लोकमान्य टिळकांनीही शहरात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. घरच्या माणसाला घेऊन जातील या धास्तीने जे लोक रुग्ण लपवत होते, तेच अशा ठिकाणी आपण होऊन येण्याची शक्यता अधिक होती. म्हणून रोगनियंत्रणाच्या इतिहासात या रुग्णालयांची दखल झडत्यांइतकीच ठळकपणे घ्यायला हवी.

झडत्यांचा वैद्यकीय उपयोग किती झाला, हा प्रश्न अजून वादाचा आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे ओळखला गेला होता, पण तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसात येतो ही फ्रेंच वैद्यक सीमाँ यांची उपपत्ती १८९८ मधील. तिला सर्वमान्यता मिळायला पुढची काही वर्षे गेली. गाठींचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाच्या आप्तांना अलग ठेवण्याचा लाभ मर्यादित होता. घर रिकामे करणे मात्र, कारण ठाऊक नसतानाही, उपयोगी पडत असावे, कारण त्यामुळे माणसे उंदरांपासून दूर गेली. साथ मेमध्ये ओसरली ती उपायांमुळे की उन्हाळ्यामुळे, याचा निवाडा मृत्यूंच्या आकड्यांवरून करणे धोक्याचे आहे. झडतीच्या भीतीने कित्येक मृत्यू लपवले गेले असल्याने ते आकडे प्रत्यक्षापेक्षा कमीच धरावे लागतात.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये येथे विषाणू संशोधन केंद्र काढले; १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) झाले. निदानासाठी नमुने गावाबाहेर पाठवावे लागत नाहीत, ही सोय त्यामुळे पुण्याला मिळाली. देशातील इतर अनेक शहरांना ती नव्हती. महापालिकेचे डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालय हे विलगीकरणाचे मुख्य ठिकाण राहिले.

नोंदीची पद्धत : २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने तीन प्रकारचे नमुना-अर्ज ठरवून दिले. आरोग्यसेविका व बहुउद्देशीय कर्मचारी लक्षणांवरून संशयित रुग्ण कळवतात, डॉक्टर संभाव्य निदान कळवतात आणि प्रयोगशाळा खात्रीचे निदान कळवते. पूर्वी साप्ताहिक असलेली ही माहिती २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ऑनलाइन भरली जाऊ लागली. डेंग्यूचे संशयित व निश्चित असे दोन वेगळे आकडे वृत्तपत्रांत येतात, ते या वर्गवारीमुळे. झटपट कार्ड चाचणीत एनएस-१ हे डेंग्यू विषाणूचे प्रथिन आढळले तरी रुग्ण संशयितच राहतो. एलायझा या प्रयोगशाळेतील रक्तचाचणीनंतर तो निश्चित ठरतो. आयजीएम (संसर्गानंतर रक्तात तयार होणारे प्रतिपिंड) शोधणाऱ्या एलायझाचे संच एनआयव्ही तयार करून देशभरच्या निवडक केंद्रांना पुरवते.

पुण्यात ताप आलेला माणूस बहुधा आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो, आणि सर्वेक्षणाची सर्वांत अशक्त कडी तेथेच आहे. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीची आहे. इतर तापांच्या बाबतीत मोठी रुग्णालये कळवतात, पण गल्लीतील दवाखान्याकडून माहिती क्वचित येते.

डासांचे नियंत्रण : डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. पाणी मिळाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ याच हिशेबाने ठरला आहे. रुग्ण कळल्यावर कर्मचारी त्याच्या घराभोवतीची कुंड्यांखालील ताटल्या, फ्रिजमागील ट्रे, गच्चीवरचे टायर, बांधकामावरील लिफ्टचे खड्डे तपासतात. अळ्या सापडल्यास नोटीस व दंड होतो. टाक्यांत अळीनाशक, तर मोठ्या साठ्यांत गप्पी मासे सोडतात. लोकांची मागणी नेहमी धूर फवारणीची असते. पण तिने केवळ उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

अलीकडील साथी : भारतात एच१एन१ फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, त्यानंतर शाळा बंद ठेवण्यात आल्या आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील कोविड-१९ चे पहिले दोन रुग्ण, दुबईहून परतलेले एक दांपत्य, पुण्यात आढळले. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी बाधित असल्याचे निष्पन्न झाले. सहवासितांचा शोध कसा चालतो याचे हे नमुनेदार उदाहरण होय. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पाच प्रभागांतील १,६६४ जणांच्या रक्ततपासणीत ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होते. नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट लोक बाधित होऊन गेल्याचे त्यावरून दिसले.

झिकाचा राज्यातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे, तर शहरातील साथ जून २०२४ मध्ये एरंडवण्यापासून नोंदली गेली. बहुतेक बाधितांना लक्षणेच नसतात आणि धोका गर्भाला असतो, म्हणून तेथे तापाच्या रुग्णांइतकेच लक्ष परिसरातील गर्भवतींच्या रक्तनमुन्यांवर देण्यात आले.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे लक्षणसमूहाचे (यात हातपाय लुळे पडतात) रुग्ण वाढल्याचे खासगी रुग्णालयांमुळे लक्षात आले. हा विकार स्वतः संसर्गजन्य नाही. संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवर उलटल्याने तो होतो. पोलिओसाठी चालणाऱ्या लुळेपणाच्या सर्वेक्षणात १५ वर्षांखालील मुलेच मोजली जातात, त्यामुळे प्रौढ रुग्ण कोणत्याही नेहमीच्या तक्त्यात बसत नव्हते. रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. घरोघर सर्वेक्षण झाले, शौचनमुन्यांत एनआयव्हीला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस हा विषाणू, असे दूषित अन्न-पाण्यातून पसरणारे जंतू आढळले आणि संशय पाण्यावर स्थिरावला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण तेथील विहिरीच्या पाण्याला क्लोरीन मिळत असले तरी जलशुद्धीकरण केंद्रातील गाळणप्रक्रिया नव्हती. विहिरी, टँकर व खासगी आरओ प्रकल्पांचे पाणी तपासून दूषित आढळलेले काही प्रकल्प महापालिकेने बंद केले. या गावांसाठी जलशुद्धीकरण केंद्राची मागणी त्यानंतर पुन्हा पुढे आली.