नागरिक, वॉर्ड ऑफिस आणि पोलीस ठाणे (मुंबई)

आपल्या गल्लीतला कचरा, तुंबलेले गटार, बंद पडलेला दिवा, पदपथ अडवणारी गाडी किंवा रात्री वाजणारा भोंगा यांविषयी रहिवाशांनी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसकडे आणि पोलीस ठाण्याकडे केलेली मागणी, तिचा पाठपुरावा आणि त्यासाठी मुंबईत उभ्या राहिलेल्या समित्या हा या नोंदीचा विषय आहे. या शहरात अशी मागणी पूर्वी मुख्यतः नगरसेवक, चाळ कमिटी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीमार्फत होई. १९९० नंतर तिला दोन वेगळ्या वाटा मिळाल्या. एक वाट १९९२-९३ च्या दंगलींनंतर पोलिसांच्या पुढाकाराने तयार झाली, ती मोहल्ला समितीची. दुसरी महापालिकेच्या घनकचरा खात्यातून निघाली, ती एएलएमची, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंटची. दोन्हींचा अनुभव सांगतो की तक्रार एकट्याची असली तर ती टेबलावर पडून राहते. गल्लीने मिळून, लेखी केलेली आणि दर महिन्याला विचारली जाणारी तक्रार बहुधा पुढे सरकते.

हद्दीचा प्रश्न

मुंबई महापालिकेचा कारभार परंपरेने २४ प्रशासकीय वॉर्डांत विभागलेला आहे. वॉर्डांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे असल्यामुळे दादरचा माणूस ‘जी उत्तर’ म्हणतो, घाटकोपरचा ‘एन वॉर्ड’. प्रत्येक वॉर्डाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. लोक त्याला आजही वॉर्ड ऑफिसरच म्हणतात. पोलिसांची रचना निराळी आहे. शहरात नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत, त्यांच्याखाली बीट चौक्या, वर सहायक आयुक्त आणि परिमंडळाचे उपायुक्त. वाहतूक पोलिसांच्या चौक्या याहून वेगळ्या. वॉर्डाची सीमा आणि ठाण्याची सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन ठाण्यांत असणे किंवा एका ठाण्याला दोन वॉर्ड ऑफिसांशी बोलावे लागणे यात नवल नाही.

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य मुंबईकराने आयुष्यात किती वेळा ऐकलेले असते! त्यामागे नेहमी टाळाटाळच असते असे नाही. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) की रस्ते विकास महामंडळाचा, यावर खड्डा कोणी बुजवायचा हे ठरते. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. तोवर त्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांची तक्रार वॉर्ड ऑफिसात नेणारा हात हलवत परत येई. पदपथावरचे अतिक्रमण काढणे महापालिकेचे काम आहे, पण पथकाला बंदोबस्त पोलिसांचा लागतो. चुकीच्या जागी लावलेली वापरातली गाडी वाहतूक पोलीस उचलतात. टायर बसलेली, धुळीने माखलेली बेवारस गाडी हटवताना मात्र महापालिकेने तिच्यावर नोटीस चिकटवायची असते. दोन्ही कार्यालयांना एकाच वेळी, एकाच मजकुराचा अर्ज देऊन प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करण्याची सवय जाणत्या रहिवाशांना लागली ती यातूनच. वर्षानुवर्षे खेटे घालून लोकांनी शोधून काढलेला हा सर्वात उपयोगी उपाय आहे.

भिवंडी आणि मोहल्ला समिती

यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली सोसल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या बांधल्या. सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यात ‘शांतता समिती’ची बैठक घेण्याची पद्धत आधीपासून होती. तिच्यात पक्षांचे पुढारी, व्यापारी, प्रतिष्ठित यांना खुर्ची मिळे. खोपडे यांच्या समित्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसे, बायका, कामगार होते. त्या सणापुरत्या नव्हत्या, वर्षभर बसत. वस्ती ओळखणाऱ्या खालच्या हुद्द्याच्या पोलिसांना त्यांत मोलाचे स्थान होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, सुमारे ९०० माणसे मारली गेली, आणि भिवंडी शांत राहिली. पोलीस आणि रहिवासी यांच्या संबंधांविषयी महाराष्ट्रात जे जे पुढे लिहिले-बोलले गेले, त्याच्या मुळाशी ही घटना आहे.

मुंबईत १९९४ मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि उद्योजक एफ. टी. खोराकीवाला यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. दंगलीची झळ बसलेल्या वस्त्यांत पोलीस आणि दोन्ही समाजांचे लोक एकत्र बसू लागले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी हे काम कित्येक वर्षे नेटाने केले. पोलीस आणि वस्तीतली पोरे यांच्या क्रिकेट सामन्यांनी जी ओळख झाली ती कोणत्याही परिपत्रकाने झाली नसती.

बैठकांत लोक बोलू लागले ते मात्र आधी नळाच्या पाण्यावर, संडासांवर, गटारांवर आणि गल्लीच्या तोंडाशी चालणाऱ्या दारूच्या गुत्त्यावर. पोलीस अधिकाऱ्यासमोर गटाराची तक्रार आली की तो म्हणू शकतो, हा विषय माझा नाही. चांगले अधिकारी तसे म्हणाले नाहीत. त्यांनी वॉर्डातल्या अभियंत्याला बैठकीला बोलावले. नळावरच्या भांडणाला धर्माचा रंग चढायला वेळ लागत नाही, हे त्यांनी १९९२ मध्ये पाहिले होते.

एएलएम

एएलएमची सुरुवात घाटकोपरच्या जोशी लेनमधून झाली, १९९७-९८ च्या सुमारास. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचे गल्लीतच खत करायचे, आणि त्या बदल्यात महापालिकेने त्या गल्लीच्या रस्ता, दिवे, गटार, पाणी या तक्रारींकडे प्राधान्याने पाहायचे, अशी ही देवाणघेवाण होती. साधारण हजारभर रहिवाशांचा एक गट, त्याची वॉर्डात नोंदणी, वॉर्डात एक समन्वय अधिकारी आणि सहायक आयुक्तांसोबत ठरावीक बैठक असा आराखडा ठरला. काही वर्षांत शहरभर अशा शेकडो गटांची नोंद झाली.

त्यांतले बरेच पुढे कागदावरच उरले. जिथे दोन-चार निवृत्त माणसे किंवा गृहिणी रोज लक्ष घालणाऱ्या होत्या तिथे काम टिकले. त्यांनी अंग काढून घेतले की खताचे खड्डे बुजले. वॉर्ड ऑफिसर बदलला की बैठका थांबत, नवा उत्साही आला की पुन्हा सुरू होत. योजनेचा पाया माणसांच्या उत्साहावर होता, कायद्यात तिला जागा नव्हती, हे तिचे खरे दुबळेपण. तरीही तिने एक गोष्ट रुजवली: वॉर्ड ऑफिसात जाऊन अधिकाऱ्यासमोर बसण्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहूमधून रहिवासी संघटनांनी उभा केलेला नागरिक उमेदवार निवडून आला, त्यामागे या गटांनी बांधलेले जाळे होते.

झोपडपट्ट्यांसाठी एएलएम नव्हतीच. तिथे दत्तक वस्ती योजना आली, तीही मुख्यतः सफाईपुरती. मुंबईची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या वस्त्यांत राहते. तिच्यासाठी वॉर्ड ऑफिसचा दरवाजा आजही प्रामुख्याने नगरसेवकामार्फत उघडतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. नगरसेवक नसलेल्या त्या प्रशासकाच्या काळात इमारतींतल्या संघटनांनी थेट अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार चालू ठेवला. अडचण झाली ती पाण्याचा टँकर मागायला कोणाकडे जावे हे न कळणाऱ्या वस्त्यांची.

कायद्यातली जागा

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. मुंबईत त्या त्या भागातले नगरसेवक, वॉर्डाचा अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य त्यांत असतात. एका समितीखाली लाखो माणसे येतात, त्यामुळे गल्लीतला प्रश्न तिथवर पोहोचेपर्यंत विरून जातो. ही दरी बुजवण्यासाठी २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा तशी शहरात मतदान केंद्रांच्या टापूवर मतदारांची सभा, अशी ती कल्पना. कायदा पुस्तकात आहे. क्षेत्रसभा भरल्याचे मात्र मुंबईकरांना क्वचितच पाहायला मिळते. ग्रामसभेत हात वर करून सरपंचाला जाब विचारणारा शेतकरी मुंबईत राहायला आला की त्याचा तो हक्क गावाकडेच राहतो, ही या सगळ्यातली सर्वात मोठी उणीव आहे.

अर्जाचा प्रवास

महापालिकेची तक्रार १९१६ या क्रमांकावर, ऑनलाइन किंवा वॉर्ड ऑफिसात लेखी देता येते. फोनवर तक्रार क्रमांक मिळतो. लेखी अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक आवक-जावक खिडकीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. या शिक्क्याला ‘पोच’ म्हणतात. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजावे. अर्जात विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा जवळच्या दुकानाची खूण, तारीख-वार, फोटो आणि सोसायट्यांचे शिक्के असले की कनिष्ठ अभियंत्याला जागा सापडली नाही असे म्हणता येत नाही. उत्तर आले नाही तर अनुभवी मंडळी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारतात: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कारवाई केली? ३० दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक असल्याने फाईल निदान उघडली जाते. त्यापुढची पायरी लोकशाही दिनाची, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडण्याच्या दिवसाची. महापालिका आणि जिल्हाधिकारी स्तरावर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे घेतली जात नाहीत.

पोलीस ठाण्यात तातडीचे असेल तर ११२. एरवी ठाणे अंमलदार आधी प्रकार ठरवतो: दखलपात्र की अदखलपात्र. शेजाऱ्याची शिवीगाळ, किरकोळ धमकी यांची ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदली जाते, आणि एनसीत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकत नाहीत. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण एनसीचा कागद घेऊन घरी येतात आणि पोलीस येण्याची वाट पाहत बसतात. गल्लीच्या प्रश्नासाठी वरिष्ठ पोलीस निरीक्षकाच्या नावे सोसायट्यांचे संयुक्त पत्र, त्याची प्रत परिमंडळ उपायुक्तांना, हा मार्ग अधिक फळतो.

आवाजाची तक्रार

रहिवासी आणि पोलीस यांच्यात सर्वात जास्त खटके आवाजावरून उडतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, ठरावीक सणांच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत सोडून. नियम स्पष्ट आहे. अडचण असते ती तक्रारदाराचे नाव फुटण्याची. रात्री फोन केला, आणि सकाळी मंडळाची पोरे दारात, हा अनुभव शहरात सर्वत्र ऐकू येतो. गल्लीत राहायचे तर कोणाशी वाकडे घ्यायचे, म्हणून माणसे खिडक्या लावून गप्प बसतात. घरात परीक्षेचे मूल असो की हृदयविकाराचा रुग्ण.

या भीतीची दखल मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या दोन संघटनांनी भोंग्यांविरुद्ध केलेल्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ रोजी निकाल लागला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि पोलिसांना टप्पे घालून दिले: तक्रारदाराची ओळख न विचारता तक्रार घ्यावी, आधी समज द्यावी, पुन्हा घडल्यास दंड, आणि तरीही न थांबल्यास ध्वनिक्षेपक जप्त करून परवाना रद्द. याचिका संघटनांच्या नावे होती. एकट्या कुटुंबाने ती लढवली असती तर निकालापर्यंत त्या घराला किती सोसावे लागले असते याचा अंदाज चाळीत राहिलेल्या कोणालाही येईल.

कोणाची गल्ली

रहिवासी संघटनांवर एक टीका सातत्याने होते आणि ती रास्त आहे. फेरीवाले हटवा, रिक्षा स्टँड हलवा, मासळीवालीला उठवा या मागण्या त्यांच्याकडून जितक्या जोराने येतात तितक्या जोराने मागच्या वस्तीत पाणी द्या ही मागणी येत नाही. फेरीवालाही बहुधा त्याच वॉर्डाचा रहिवासी असतो आणि संघटनेच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असावेत असे सांगितले. त्याच समितीत रहिवासी संघटना, महापालिका आणि पोलीस यांनाही स्थान आहे. चारही पक्षांना एका टेबलाशी बसवणारी शहरातली ही जवळपास एकमेव कायदेशीर जागा असल्याने ती कार्यरत राहणे सर्वांच्याच हिताचे आहे.

इतरत्र

पुण्यात ‘मोहल्ला समिती’ हे नाव वेगळ्या अर्थाने रुळले. तिथे ती क्षेत्रीय कार्यालयात नागरिक आणि खात्यांचे अधिकारी यांच्यात होणारी नागरी प्रश्नांची बैठक असते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवण्याचीही सोय केली. बाकडे, पदपथ, बसथांबा, दिवे अशी छोटी कामे रहिवासी अर्ज भरून सुचवतात आणि मंजूर कामांना अंदाजपत्रकात तरतूद होते. ग्रामीण भागात तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरचे, भाऊबंदकीचे वाद गावातच समितीपुढे मिटवावेत आणि त्याची नोंद पोलीस ठाण्यात राहावी, अशी तिची रचना आहे.