उभी गाडी, उतरलेली बॅटरी: हे दुखणं आलं कुठून

स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षात एक धडा हमखास मिळतो. तीन-चार आठवडे गाडी कव्हर घालून उभी, मग एका रविवारी मोठ्या हौसेने बटण दाबलं की नुसतं टक-टक-टक, नाहीतर तेही नाही. मग लोक बॅटरीला शिव्या देतात, हल्लीच्या बॅटऱ्यांत दम नाही वगैरे. खरं तर उलटं आहे. बॅटरी शंभर वर्षांत सुधारतच गेलीय, गाडीची झोप तेवढी उडालीय. ती कशी उडाली ते बघायचं तर जरा मागे जावं लागेल.

लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लाँते याने १८५९ मध्ये केली, म्हणजे मोटारगाडीच्याही आधी. तेव्हा चार्ज करायला धड डायनॅमोसुद्धा नव्हता, दुसऱ्या सेल जोडून ही भरायची! पुढे १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने शिशाच्या प्लेटवर पेस्ट थापायची युक्ती काढली आणि बॅटरी धंद्याच्या कामाची झाली. पण सुरुवातीच्या पेट्रोल गाड्यांना तिच्यावाचून फारसं अडत नव्हतं, हँडल मारून इंजिन चालू करायचं, ठिणगीला मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यावर स्वतःच वीज करणारं यंत्र), दिवे गॅसचे नाहीतर तेलाचे. अशी गाडी सहा महिने शेडमध्ये पडली तरी बॅटरी उतरण्याचा प्रश्नच नाही, कारण उतरायला बॅटरी हवी ना.

चित्र बदललं ते सेल्फ आल्यावर. चार्ल्स केटरिंगने केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला, हँडल उलटं फिरून मनगट मोडायची भीती गेली आणि बॅटरी गाडीची मालकीण झाली. फोर्डच्या मॉडेल टीला सेल्फ १९१९ मध्ये मिळाला. त्या काळात थंड देशांत हिवाळाभर गाडी बंद ठेवायची पद्धत होती, बॅटरी काढून सर्व्हिस स्टेशनला द्यायची, ते अधूनमधून चार्ज करून वसंतात परत देणार. हे लाड नव्हते. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतल्या आत उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटवरच्या लेड सल्फेटचे कण मोठे, कडक होत जातात, मग कितीही चार्ज द्या, ते पूर्ण विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. शिवाय उतरलेल्या बॅटरीत ॲसिड पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरतं, त्यामुळे ती शून्याखाली थोडं गेलं तरी गोठून फुटू शकते, भरलेली मात्र कडाक्याच्या थंडीतही टिकते.

(काँक्रीटच्या फरशीवर बॅटरी ठेवली की उतरते हा समजही त्याच जमान्यातला असावा, तेव्हा पेट्या लाकडाच्या, आतून डांबर लावलेल्या असायच्या, ओल धरली की गळती व्हायची. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही, तरी लोक अजून खाली फळी टाकतात. टाका बापडे.)

घरच्या घरी चार्ज करायची सोय आधी बल्बसारख्या दिसणाऱ्या टंगार रेक्टिफायरने (घरच्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करणारं उपकरण) झाली, मग सेलेनियम, मग सिलिकॉन डायोड. त्यातून निघाला तो ट्रिकल चार्जर, बारीक धारेने सतत करंट सोडत राहणारा. वाईट एवढंच की बॅटरी भरली हे त्याला कळायचंच नाही. महिनाभर लावून ठेवला की पाणी उडून प्लेट उघड्या, वर हायड्रोजन जमतो तो वेगळा. म्हणजे उतरून मरायची ती बॅटरी उकळून मरायची. गंमत म्हणजे योग्य पद्धत टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांना आधीपासून माहीत होती, ते बॅटऱ्या ठरावीक व्होल्टेजवर 'फ्लोट' करून वर्षानुवर्षं भरलेल्या ठेवायचे. १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १३.५ च्या आसपास धरून ठेवलं की ती लागेल तेवढाच करंट ओढते. हे शहाणपण गॅरेजमध्ये पोचायला मात्र स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स येईपर्यंत थांबावं लागलं.

आता स्पोर्ट्स कारकडे येऊ, कारण इथे जुन्या काळापासून एक वेगळीच भानगड आहे. या गाड्यांत बॅटरी सोयीच्या जागी क्वचितच असते, जिथे वजन नीट बसेल तिथे ती कोंबतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये १९६२ पासून १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे खाली दडवलेल्या होत्या. पोर्शे ९११ मध्ये १९६९ च्या मॉडेलपासून काही वर्षं पुढच्या दोन कोपऱ्यांत एकेक बॅटरी, कारण मागे लटकलेल्या इंजिनाला पुढून तोल हवा होता. पहिल्या माझदा एमएक्स-५ मध्ये ती डिकीत गेली, आणि माणसं बसतात त्या बाजूला ॲसिडचा वास नको म्हणून सीलबंद एजीएम प्रकारची, म्हणजे ॲसिड काचेच्या लोकरीत शोषून धरणारी. वजनाच्या दृष्टीने सगळं बरोबर, पण जे दिसत नाही तिकडे लक्ष जात नाही.

तरीही साठच्या दशकातली गाडी उभी असताना खायची काय, तर घड्याळ, बस. टर्मिनल काढून ठेवलं की तेही नाही. दरम्यान डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, जग्वार ई-टाइपला तो १९६४ च्या ४.२ लिटर मॉडेलपासून मिळाला, आणि हळू चालवतानाही बॅटरी भरायला लागली. प्लेटमधलं अँटिमनी कमी होऊन कॅल्शियम आलं, तशी आपोआप उतरण्याची सवयही बरीच सुटली. म्हणजे बॅटरीने आपलं काम केलं.

गाडीने मात्र नेमकं तेव्हाच रात्री जागायला सुरुवात केली. बॉशचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन १९६७ मध्ये फोक्सवॅगनवर आलं, १९७९ मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिकने इंजेक्शन आणि इग्निशन एकाच डब्यात घेतलं. मग अलार्म, रिमोट लॉक, खरी चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारा इमोबिलायझर, कॅन बस नावाच्या सामायिक तारांवरून एकमेकांशी बोलणारे छोटे कॉम्प्युटर. कीलेस गाडी तर चावी जवळ आली का याचा कानोसा सतत घेत बसते, त्यात विमा कंपनीने मागितलेला ट्रॅकर. प्रत्येकाचा घास इवलासा, पण बेरीज करून बघा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ६० अँपिअर-अवरची बॅटरी २५ दिवसांत अर्धी.

आणि जुना उपाय, टर्मिनल काढणं, तोही याच काळात निकामी झाला. काढलं की रेडिओ कोड मागतो, काचा आपली जागा विसरतात, इंजिनने शिकलेलं ॲडजस्टमेंट पुसलं जातं, आणि अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ च्या, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःच्या करायच्या, तपासण्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत एमिशन टेस्टही अडकते. माझ्या मते खरं वळण हेच. बॅटरी जोडलेलीही ठेवता येईना आणि सोडवताही येईना, तेव्हा चार्जर कायमचा लावून ठेवणं एवढाच मार्ग उरला. मायक्रोप्रोसेसरवाले, टप्प्याटप्प्याने चार्ज करून मग गप्प बसणारे मेंटेनर नव्वदच्या दशकात पसरले ते यामुळेच. स्वीडनची सीटेक १९९७ ची, आणि बऱ्याच महागड्या कंपन्यांच्या लोगोखाली आत तिचाच चार्जर असतो. पोर्शेचा तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधूनच लागायचा, बोनेट उघडायची गरज नाही. कोट्यधीशाच्या गाडीबरोबर कंपनीच चार्जर विकते, ही एक प्रकारची कबुलीच म्हणायची.

बोनेटवरून आठवलं, ९९७ पिढीच्या ९११ मध्ये बॅटरी पुढच्या बोनेटखाली आणि ते बोनेट उघडतं विजेवर. बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही! म्हणून ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये एक लाल पिन बाहेर ओढायची सोय दिलीय, तिथे बाहेरून करंट द्यायचा, मगच झाकण उघडतं. कॉर्व्हेटच्या २००५ पासूनच्या पिढीत दारंच विजेची, आतून उघडायला सीटशेजारी खाली जमिनीवर हाताने ओढायची खिटी आहे. ती कुठे आहे हे गाडी घेतल्या दिवशीच बघून ठेवा, अडकल्यावर मॅन्युअल वाचायला वेळ नसतो.

वजनाचा हट्ट पुढे लिथियमपर्यंत गेला. २००९ च्या शेवटी पोर्शेने ९११ जीटी३ साठी लिथियम स्टार्टर बॅटरी जाहीर केली, वजन सहा किलोच्या आत, नेहमीच्यापेक्षा दहा किलो हलकी. थंडीत ती मंदावते म्हणून सोबत साधी बॅटरीही द्यायचे, यावरून काय ते समजा. स्टार्ट मारायला ती ६० च्या तोडीची, पण क्षमता १८ अँपिअर-अवरच, म्हणजे नुसत्या ३० मिलिअँपिअरच्या गळतीने २५ दिवसांत पूर्ण रिकामी, त्याआधीच आतलं सर्किट तिला तोडून टाकेल. आणि हिला जुना लेड-ॲसिडचा चार्जर चालत नाही, विशेषतः सल्फेशन काढायचा मोड असलेला, त्याचं जास्तीचं व्होल्टेज लिथियमला मारक. त्यामुळे कपाटातला जुना चार्जर लावण्याआधी बॅटरीवरचं लेबल एकदा वाचा.