पूल फुकट आहे, फक्त शॉवर घेऊन उतरा

आम्ही क्वीन्समध्ये राहतो आणि जून संपत आला की घरात पोरांचं एकच पालुपद सुरू होतं, पोहायचा पूल कधी उघडणार. न्यूयॉर्क शहराचे उघड्यावरचे 50 च्या वर पूल आहेत आणि जूनच्या शेवटापासून साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते सगळ्यांना फुकट असतात. मेंबरशिप नाही, पास नाही, स्विमसूट घालायचा आणि लॉकरला लावायला स्वतःचं कुलूप न्यायचं, बस. दोन पोरं घेऊन या शहरात कुठेही जा, पैसे लागतातच, त्यामुळे मला याचं फार कौतुक आहे.

यातले मोठे पूल 1936 चे. मंदीचा काळ, लोकांना कामं नव्हती, तेव्हा आपल्या रोजगार हमीसारख्या केंद्र सरकारच्या योजनेतून पैसा आला आणि महापौर ला गार्डिया आणि उद्यान विभागाचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी एकाच उन्हाळ्यात 11 भलेमोठे पूल उघडले. आमच्या क्वीन्समधल्या अस्टोरियाचा त्यातला सगळ्यात मोठा, 330 फूट लांब, तो 2 जुलैला उघडला आणि पुढच्याच आठवड्यात, 9 जुलैला, सेंट्रल पार्कमध्ये पारा 41 अंशांवर गेला, तो रेकॉर्ड अजून मोडलेला नाही. त्याआधी गरिबांची पोरं उकडायला लागलं की नदीत उड्या मारायची, आणि शहराची गटारं त्याच नदीत. त्यामुळे या पुलांची खरी कमाल म्हणजे गाळलेलं आणि क्लोरीन घातलेलं पाणी.

क्लोरीन आपल्याला नवीन नाही. गावाकडे पावसाळ्यात विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. इथे पुलावरचा माणूस छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषध टाकतो आणि क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, माझी मुलगी दर वेळी ते बघायला काठावर जाऊन उभी राहते. लागतं किती, तर लिटरला निदान 1 मिलिग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या बादलीला 15 मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी. पण तेवढंही टिकवणं सोपं नाही कारण ऊन क्लोरीनला खातं, भर दुपारी उघड्या पुलात ते झपाट्याने उडून जातं म्हणून दिवसभर घालत राहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, जी मला स्वतःला बरीच वर्षं माहीत नव्हती. पुलावर तो उग्र वास आला की आपण म्हणतो, बापरे किती क्लोरीन घातलंय, आणि डोळे लाल झाले की तेच. पण तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतोच! घामात आणि लघवीत युरिया आणि अमोनिया असतो, क्लोरीन त्याच्याशी भिडलं की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, वास त्यांचा आणि डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळे. बंद हॉलमधल्या पुलात ती पाण्यावरच्या हवेत साचतात म्हणून तिथे खोकला येतो, उघड्यावर वारा घेऊन जातो. म्हणजे वास जास्त असेल तर समजायचं की पाण्यातलं क्लोरीन आपल्या घामावरच खर्च होतंय आणि जंतूंसाठी कमी उरतंय.

म्हणून आधी शॉवर. फार नाही, एक मिनिट अंगावर पाणी घेतलं तरी बराचसा घाम, मळ, क्रीम निघून जातं. आपल्याकडची मंडळी म्हणतात की पाण्यातच तर उतरायचंय, मग आधी आंघोळ कशाला, अहो त्याच पाण्यात आणखी शेकडो लोक आहेत ना. आणि पोरांना दर तासाला बाहेर काढून बाथरूमला न्यायचं, ती रडली तरी. तसंही बाहेर काढावंच लागतं, कारण पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढतं आणि लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं, बाहेर 35 अंश असलं तरी माझ्या धाकट्याचे ओठ निळे पडून दात वाजायला लागतात.

आणि पोट बिघडलं असेल तर पुलात जायचंच नाही. नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात ई कोलायसारखे बरेचसे जंतू मिनिटाच्या आत मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे त्याचं कवच इतकं चिवट की तो त्याच पाण्यात आठवडाभरही टिकतो. त्यातला थोडासाच गिळला तरी जुलाब लागतात. स्विम डायपरने तो अडत नाही. एकदा का पाण्यात जुलाब झाले की सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं, क्लोरीन कितीतरी पट वाढवायचं आणि तासन् तास तसंच ठेवायचं, तोवर सगळ्यांची सुट्टी. हा आजार निघाला तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये असं इथले डॉक्टर सांगतात, कारण बरं वाटायला लागल्यावरही तो शौचातून बाहेर पडत राहतो.

गेल्या जुलैत धाकट्याला जुलाब लागले तेव्हा तपासणीत हे काही निघालं नाही, तरी मी त्याला दोन आठवडे घरीच ठेवलं. बाथटबमध्ये कोमट पाणी भरून दिलं, तो त्यात गॉगल लावून बसायचा आणि रोज कॅलेंडरवर एक दिवस खोडायचा.